इमारती लाकूड उद्योग, भारतातील

इमारती, रेल्वे, खाणी, नौका, सजावटसामान इत्यादींसाठी लागणारे लाकूड वनांतून व शेतांतून मिळविणे, त्याची वाहतूक व विक्री करणे, ते कापून व मुरवून वापरण्याजोगे करणे आणि कुजणे, कीड व आग यांपासून त्याचे परिरक्षण करणे या सर्व व्यवहारांचा या उद्योगात समावेश होतो. जळाऊ लाकूड, कागदाचा लगदा व बांबू हे विषय त्याला जोडून येत असले, तरी प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ओंडके, वासे, बल्ल्या व कापीव लाकूड यांचाच विचार केला आहे. भारतात इमारती लाकडाची मागणी वाढत गेली व वनांतून मिळणारा पुरवठा मात्र घटत गेला. त्यामुळे उपलब्ध लाकूड किती काळ टिकते, हा प्रश्न केवळ सुतारकामाचा न राहता वनरक्षणाचाही झाला आहे.

इतिहास : भारतातील साग जहाजबांधणीसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले व त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागाची अनेक जहाजे बांधली. त्यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अद्याप जतन केलेले आहे. सागाचा टिकाऊपणा किती असू शकतो, याचे ते बोलके उदाहरण होय. आरमाराला सागाचा पुरवठा व्हावा म्हणून १८०६ मध्ये मलबार किनाऱ्यावर कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. परंतु सागावर लादलेल्या मक्तेदारीविरुद्ध असंतोष वाढल्याने १८२३ मध्ये हे पद रद्द करण्यात आले. मलबारचे जिल्हाधिकारी कॉनोली यांनी १८४० नंतरच्या दशकात नीलांबूर येथे सागाची लागवड सुरू केली. तीतील जुनी झाडे आजही राखलेली आहेत. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन हे वनसंरक्षक झाले.

बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाल्यानंतर लाकडाच्या मागणीचे स्वरूपच पालटले. रुळांखाली घालावयाच्या स्लीपरांसाठी साग, साल व देवदार यांची बेसुमार तोड होऊ लागली. या तोडीला शिस्त लावण्याच्या गरजेतूनच १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञांची पहिले वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यानंतर १८६५, १८७८ व १९२७ या वर्षी वनविषयक अधिनियम करण्यात आले. १८७८ च्या अधिनियमाने राखीव, संरक्षित व ग्रामवने असे वर्ग पाडले. त्यामुळे लाकडाचा पुरवठा नियमित झाला. पण वनांवर पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून असलेल्या लोकांचे परंपरागत हक्क संकुचित झाले. पुढील शंभर वर्षांतील अनेक वनसंघर्षांचे मूळ येथे आढळते. डेहराडून येथे १८७८ मध्ये वनविद्यालय व १९०६ मध्ये वनसंशोधन संस्था स्थापन झाली. भारतीय लाकडांचे बल, शुष्कन व परिरक्षण यांविषयीचे बहुतेक मूलभूत संशोधन याच संस्थेत झाले आहे.

प्रमुख जाती : भारतात इमारती लाकूड देणाऱ्या वृक्षांच्या जाती पुष्कळ असल्या, तरी व्यापारात थोड्याच जातींना महत्त्व आहे. साग हा मध्य व दक्षिण भारतातील आणि साल (शाल) हा हिमालयाचा पायथा, छोटा नागपूर, ओडिशा व छत्तीसगढ या भागांतील प्रमुख वृक्ष आहे. हिमालयात देवदार, कैल, चीड, फर व स्प्रूस ही सूचिपर्णी झाडे, आसामात होलाँग आणि अंदमानात पडौक व गर्जन यांचे लाकूड मिळते. पश्चिम भारतात ऐन, बिबळा, शिसवी, हेदू, किंजळ, शिवण व धावडा हे वृक्ष उपयुक्त आहेत. लाकडांची तुलना करताना डेहराडूनच्या संस्थेने सागाचे प्रत्येक गुणमूल्य १०० मानून इतर लाकडांचे निर्देशांक काढले आहेत. या पद्धतीमुळे एखादे अपरिचित लाकूड तुळई, हत्यारांचे दांडे वा दारे यांपैकी कोणत्या कामास योग्य आहे, हे सहज ठरविता येते. [⟶ साग, साल, देवदार].

तोड व वाहतूक : शासकीय वनांत तोड कार्ययोजनेनुसार केली जाते. वनाचे कूप (तोडीचे पट्टे) पाडून दरवर्षी ठराविक कूपच तोडला जातो. लागवडीच्या सागवनात मधूनमधून विरळणी करतात व उरलेली झाडे साधारणतः ६० ते ८० वर्षांनी अंतिम तोडीस येतात. विरळणीत निघणारे बारीक लाकूड वासे व बल्ल्या म्हणून विकले जाते.

रस्ते नव्हते त्या काळी नद्या हेच वाहतुकीचे मुख्य साधन होते. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. त्यामुळे मलबारात व ब्रह्मदेशात बुंध्याभोवतीची साल व रसकाष्ठ कापून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळू देत, नंतर ते तोडत आणि हत्तींकरवी ओंडके नदीपर्यंत ओढीत. हिमालयात देवदाराचे स्लीपर जागीच कापून नद्यांत सोडत व खाली मैदानात ते अडवून गोळा करीत. केरळमध्ये कोझिकोडेजवळील कल्लाई ही ओंडक्यांची मोठी बाजारपेठ अशाच जलवाहतुकीमुळे भरभराटीस आली. अंदमानातील चॅथम बेटावर १८८३ मध्ये लाकडाची गिरणी सुरू झाली. अशा सरकारी गिरण्यांपैकी ती सर्वांत जुनी व मोठी गणली जात असे. आता वाहतूक मुख्यतः मालमोटारींनी होते. लाकडाच्या वैधतेचा पुरावा म्हणून वाहतूक परवाना लागतो आणि शासकीय ओंडक्यांवर वनखात्याच्या हातोड्याची निशाणी उमटविलेली असते. आंतरराज्य वाहतुकीसाठी एकच परवाना देणारी राष्ट्रीय पद्धती २०२३ मध्ये सुरू झाली.

मोजमाप व विक्री : वनातून आलेले ओंडके आगारात (डेपोत) जाती, घेर, लांबी व प्रत यांनुसार थप्प्या लावून ठेवतात व त्यांचा जाहीर लिलाव करतात. ओंडक्याचे घनफळ पाव-घेर सूत्राने काढतात. मध्यभागीच्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याच्या वर्गाला लांबीने गुणले जाते. उदा., १·२ मी. घेराच्या व ३ मी. लांबीच्या ओंडक्याचे घनफळ या सूत्राने ०·२७ घ.मी. येते, परंतु तो पूर्ण दंडगोलाकार धरल्यास प्रत्यक्ष घनफळ सु. ०·३४ घ.मी. भरते. म्हणजे सूत्राने प्रत्यक्षाच्या सु. ७८·५% च घनफळ मोजले जाते. कडेचे बाकदार भाग चौकोनी कापणीत वाया जातात, त्यांची ही व्यवहारातील वजावट होय. ओंडके चौकोनी कापल्यावर साधारणतः निम्मे ते साठ टक्के लाकूड हाती येते. बाकीचे पाचर, फळकुटे व भुसा या रूपाने निघते.

मुरवण : ताज्या तोडलेल्या लाकडात पाण्याचे प्रमाण पुष्कळ असते व काही हलक्या लाकडांत ते कोरड्या लाकडाच्या वजनाहूनही अधिक असते. प्रथम कोशिकांच्या पोकळ्यांतील पाणी निघून जाते. आर्द्रता सु. २५ ते ३०% पर्यंत खाली आल्यानंतर कोशिकाभित्तींतील पाणी जाऊ लागते व तेव्हाच लाकूड आकसू लागते. हे आकसणे वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा सु. दुप्पट असते. त्यामुळे घाईने वाळविलेले लाकूड तडकते व वाकते. यासाठी फळ्यांची छपराखाली रचाई करून, दोन थरांमध्ये पट्ट्या ठेवून त्या सावकाश हवेत वाळवितात. उष्ण व आर्द्रतानियंत्रित भट्टीत हेच काम महिन्यांऐवजी काही दिवसांत वा आठवड्यांत होते. लाकूड जेथे वापरावयाचे, तेथील हवेशी त्याच्या आर्द्रतेचा मेळ असावा लागतो. कोकणात मुरविलेले लाकूड विदर्भाच्या उन्हाळ्यात आणखी आकसते व दाराच्या सांध्यांत फटी पडतात. या कारणासाठी भारतीय मानकांत देशाचे हवामानानुसार विभाग पाडून प्रत्येकासाठी आर्द्रतेच्या मर्यादा ठरविल्या आहेत.

लाकडाचे शत्रू : लाकूड केवळ जुने झाले म्हणून नाश पावत नाही. कवके, कीटक, सागरी वेधक प्राणी व आग यांमुळेच त्याचा नाश होतो. कवकांच्या वाढीस सु. २०% हून अधिक आर्द्रता, हवा व उबदारपणा यांची आवश्यकता असते. म्हणूनच पूर्ण कोरडे लाकूड कुजत नाही आणि पाण्यात पूर्ण बुडालेले लाकूडही प्राणवायूच्या अभावी दीर्घकाळ टिकते. जमिनीत पुरलेला खांब मात्र मातीच्या पृष्ठभागालगत आधी कुजतो, कारण ओल व हवा या दोन्ही तेथे एकत्र येतात. वाळवी ही उष्ण कटिबंधातील सर्वांत विध्वंसक कीड आहे. जमिनीतून मातीच्या बोगद्यांवाटे ती भिंती व लाकडांपर्यंत पोचते. कोरड्या लाकडातील पिष्टावर जगणारे भुंगेरे सावर, आंबा व रबर यांसारख्या लाकडांचे पीठ करतात. समुद्रात व खाड्यांत जहाजकिडा हा मृदुकाय प्राणी नौका आणि धक्क्यांचे खांब आतून पोखरतो. बाहेरून खांब धड दिसत असला, तरी तो आत पूर्णपणे पोकळ झालेला असू शकतो. उभ्या झाडांचेही शत्रू आहेत. सालाच्या खोडातील भुंगेऱ्याची मोठी साथ १९९७ च्या सुमारास मध्य प्रदेशात आली, तेव्हा असंख्य झाडे तोडावी लागली.

नैसर्गिक टिकाऊपणा : वृक्षाच्या खोडाचा आतील, बहुधा गडद भाग म्हणजे मध्यकाष्ठ व बाहेरचा फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ होय. टिकाऊपणा असतो तो मध्यकाष्ठात. कोणत्याही जातीचे रसकाष्ठ नाशवंतच असते. सागाच्या मध्यकाष्ठातील टेक्टोक्विनोनासारखी द्रव्ये वाळवीस प्रतिबंध करतात. लाकडांचा टिकाऊपणा अजमावण्यासाठी डेहराडून येथे ६० सेंमी. लांबीचे व ५ × ५ सेंमी. छेदाचे खुंट वाळवी व कवके असलेल्या जमिनीत अर्धवट पुरून वर्षानुवर्षे तपासले जातात. या प्रयोगक्षेत्रांना ‘स्मशानभूमी’ असे अर्थपूर्ण नाव पडले आहे. सरासरी १२० महिन्यांहून अधिक टिकणारी लाकडे पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारी दुसऱ्या व त्याहून कमी टिकणारी तिसऱ्या वर्गात गणली जातात. साग, साल, देवदार व बिबळा यांचे मध्यकाष्ठ पहिल्या वर्गात, तर आंबा, सावर व चीड ही लाकडे तिसऱ्या वर्गात मोडतात.

या वर्गीकरणाशी आणखी एक गोष्ट निगडित आहे. साग व साल यांच्या मध्यकाष्ठात परिरक्षक द्रव जवळजवळ शिरत नाही. उलट आंबा, सावर व चीड ही लाकडे तो सहज शोषून घेतात. म्हणजेच ज्या लाकडांना परिरक्षणाची गरज आहे, त्यांपैकी बरीच त्यास योग्यही आहेत. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात रसकाष्ठाचे प्रमाण अधिक असते. ‘साग’ या नावावर विसंबून असे लाकूड प्रक्रिया न करता वापरल्यास थोड्याच वर्षांत निराशा पदरी येते.

पारंपरिक उपाय : लाकूड टिकविण्याच्या अनेक देशी रीती शास्त्रीय दृष्ट्याही समर्थनीय आहेत. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत लाकडी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभे केलेले आढळतात. त्यामुळे जमिनीची ओल खांबात चढत नाही व वाळवीचा मार्ग उघडा पडतो. पुढे आलेल्या पागोळ्या, हवेशीर माळा व उंच जोते यांचाही हेतू लाकूड कोरडे ठेवण्याचाच असतो. बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात किंवा खाडीत बुडवून ठेवल्यास त्यातील पिष्ट व शर्करा निघून जातात व भुंगेऱ्यांचा उपद्रव कमी होतो. किनाऱ्यावर होड्यांना माशांचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल, राळ व डांबर लावण्याची प्रथा आहे. या लेपांचा परिणाम मुख्यतः पृष्ठभागापुरता असल्याने ते वरचेवर लावावे लागतात.

परिरक्षके : चांगले परिरक्षक कवके व कीटक यांना विषारी, लाकडात खोल शिरणारे, पाण्याने न धुपणारे, धातूंना अपाय न करणारे व परवडणारे असावे लागते. परिरक्षकांचे मुख्य तीन प्रकार आहेत. (१) तैलरूप : दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे क्रिओसोट तेल हे यांतील प्रमुख होय. ते स्लीपर, खांब व सागरी बांधकाम यांसाठी उत्तम असले, तरी त्याला उग्र वास येतो व त्यावर रंग बसत नाही. (२) कार्बनी विद्रावकांत विरघळविलेली : कॉपर नॅप्थेनेटासारखी ही द्रव्ये तयार सामानावर ब्रशाने वा बुडवून लावता येतात. (३) जलविद्राव्य : यांपैकी बोरिक अम्ल व टाकणखार यांचे मिश्रण स्वस्त व माणसाला तुलनेने निर्धोक असते, पण ते पावसाने धुपते, म्हणून घराच्या आतील लाकडासाठीच वापरतात. लाकडात पक्की बसणारी मिश्रणे बाहेरच्या वापरासाठी योग्य ठरतात.

या शेवटच्या गटातील सर्वांत महत्त्वाचा शोध भारतात लागला. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण तयार केले. आर्सेनिक व तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याला ‘अ‍ॅस्क्यू’ हे नाव पडले. त्यात आर्सेनिक पेंटॉक्साइड १ भाग, मोरचूद ३ भाग व सोडियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट ४ भाग असतात. तांबे कवकांना व आर्सेनिक कीटकांना मारक ठरते. क्रोमियमाचे कार्य वेगळे आहे. लाकडातील घटकांशी त्याची विक्रिया होऊन अविद्राव्य संयुगे बनतात व तांबे आणि आर्सेनिक लाकडात जखडून राहतात. प्रक्रियेनंतर लाकूड काही आठवडे सावलीत रचून ठेवावे लागते, ते हे बंधन पूर्ण व्हावे म्हणूनच. या मिश्रणाचे निरनिराळे प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर सर्वाधिक वापरले गेले.

परिरक्षणाच्या पद्धती : लाकूड प्रथम सोलून व वाळवून घेतात आणि कापणे, भोके पाडणे इ. कामे प्रक्रियेपूर्वीच उरकतात, कारण नंतर कापल्यास आतील अप्रक्रियित लाकूड उघडे पडते. ब्रशाने लावणे व बुडविणे या पद्धती सोप्या असल्या, तरी त्यांत द्रव फारसा आत शिरत नाही. उष्ण-शीत पद्धतीत लाकूड सु. ९०° से. तापलेल्या परिरक्षकात काही तास ठेवून त्यातच थंड होऊ देतात. तापल्याने प्रसरण पावून काही हवा बाहेर गेलेली असते. थंड होताना आत अंशतः निर्वात निर्माण होऊन द्रव ओढला जातो. उघडे पिंप व सरपण एवढ्या साधनांवर ही पद्धती शेतावरही वापरता येते. ओल्या बांबूच्या किंवा बल्लीच्या एका टोकास द्रवाचा दाब देऊन आतील रस दुसऱ्या टोकाने बाहेर ढकलण्याची बूशेरी पद्धतीही ग्रामीण भागास उपयुक्त आहे.

औद्योगिक प्रमाणावर दाबपद्धती वापरतात. पूर्ण-कोशिका पद्धतीत लाकूड पोलादी नळकांड्यात भरून, सु. ५६ सेंमी. पाऱ्याइतका निर्वात अर्धा तास ठेवतात. नंतर द्रव आत सोडून, लाकडाच्या प्रकारानुसार दर चौ. सेंमी.स ३·५ ते १२·५ किग्रॅ. दाब देतात. अखेरीस पुन्हा थोडा वेळ निर्वात करून पृष्ठभागावरील जादा द्रव काढून घेतात. रिक्त-कोशिका पद्धतीत प्रारंभी निर्वात न करता कोशिकांतील हवा तशीच ठेवतात किंवा तीवर दाब देतात. दाब काढल्यावर ही हवा प्रसरण पावून जादा तेल बाहेर लोटते व फक्त कोशिकाभित्तींवर लेप उरतो. क्रिओसोटासारख्या महाग तेलाची त्यामुळे बचत होते. प्रक्रियेचा दर्जा लाकडाच्या रंगावरून कळत नाही. दर घ.मी.मध्ये किती किग्रॅ. परिरक्षक राहिले व ते किती खोल शिरले, यांवरून तो ठरतो. अ‍ॅस्क्यू प्रकारच्या क्षारांचे हे प्रमाण जमिनीशी संबंध येणाऱ्या लाकडात साधारणतः ८ किग्रॅ. व खाऱ्या पाण्यातील लाकडात त्याच्या दुप्पट वा अधिक असावे लागते.

रेल्वे व लाकूड : परिरक्षणाचे महत्त्व प्रथम रेल्वेला पटले. रुंदमापी मार्गाचा लाकडी स्लीपर २७५ × २५ × १३ सेंमी. मापाचा, म्हणजे सु. ०·०९ घ.मी. घनफळाचा असतो. एक किमी. मार्गास असे दीड हजारांहून अधिक, म्हणजे सु. १३५ घ.मी. वा त्याहून जास्त कापीव लाकूड लागते. त्यासाठी कापावे लागणारे ओंडके याच्या जवळजवळ दुप्पट घनफळाचे असतात. चीड व होलाँग यांसारखी स्वस्त लाकडे प्रक्रियेविना जमिनीवर काही वर्षेच टिकतात. क्रिओसोट भरल्यावर मात्र त्यांचे आयुष्य अनेक पटींनी वाढते. म्हणून १९२० नंतरच्या काळात पंजाबात धिलवाँ येथे व आसामात नहरकटिया येथे स्लीपरांवर प्रक्रिया करणारे कारखाने निघाले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे स्लीपर वापरात येऊ लागले व क्रमाक्रमाने मुख्य मार्गांवरून लाकूड हद्दपार झाले. देशातील लाकडाचा सर्वांत मोठा संघटित ग्राहक अशा रीतीने दूर झाला. मात्र त्याबरोबर परिरक्षण उद्योगाचा मुख्य आधारही गेला.

धोरण व पुरवठा : १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणात संरक्षण, दळणवळण व उद्योग यांच्या गरजांना मोठे स्थान होते. ठेकेदारांमार्फत होणाऱ्या तोडीविरुद्ध हिमालयात १९७३ मध्ये चिपको आंदोलन उभे राहिले. परिणामी १९८१ मध्ये तत्कालीन उत्तर प्रदेशाच्या डोंगराळ भागात १,००० मी. उंचीवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीस बंदी घालण्यात आली. वने हा विषय १९७६ मध्ये समवर्ती सूचीत आला व १९८० मध्ये वनसंवर्धन अधिनियम संमत झाला. १९८८ च्या वनधोरणाने दृष्टिकोनच बदलला. पर्यावरणीय समतोल हे वनांचे प्रथम प्रयोजन ठरले व महसूल दुय्यम झाला. उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या साहाय्याने पिकवावा, सवलतीच्या दराने वनोपज देणे थांबवावे व लाकडाला पर्याय शोधावेत, असे त्यात सांगितले आहे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने मान्य कार्ययोजनेशिवाय होणारी तोड थांबली, विनापरवाना गिरण्या बंद झाल्या व ईशान्येकडील राज्यांतून बाहेर जाणारे लाकूड अडविले गेले. ईशान्य भारतातील प्लायवुड उद्योगाला याचा मोठा फटका बसला.

यानंतर पुरवठ्याचा भार वनांकडून शेतांकडे सरकला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०११ च्या अहवालानुसार शासकीय वनांतून वर्षाला सु. ३१·७५ लाख घ.मी. लाकूड निघत होते, तर वनांबाहेरील झाडांची संभाव्य उत्पादनक्षमता सु. ४२८ लाख घ.मी. होती. २०२३ च्या अहवालात वनांबाहेरील औद्योगिक लाकडाची संभाव्य क्षमता सु. ९१५ लाख घ.मी. दिली आहे. हरियाणातील यमुनानगर हे पॉप्लर व निलगिरीवर, तर केरळातील पेरुम्बवूर हे रबराच्या लाकडावर चालणाऱ्या प्लायवुड उद्योगाचे केंद्र आहे. पॉप्लर सहा ते आठ वर्षांत तोडीस येतो. रबराची झाडे चीक कमी झाल्यावर २५ ते ३० वर्षांनी तोडतात. पूर्वी त्यांचे लाकूड जाळण्याच्याच उपयोगाचे मानले जाई. तोडीनंतर लगेच बोरॉन-संयुगांची प्रक्रिया केल्यावर ते उत्तम सजावटसामानाचे लाकूड ठरले. शेतकऱ्याला यातून उत्पन्न मिळाले, तसा धोकाही पत्करावा लागला. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात वायव्य भारतात निलगिरीचे भाव कोसळले, तेव्हा अनेकांनी हे पीक सोडून दिले. कृषिवनीकरणाचे राष्ट्रीय धोरण २०१४ मध्ये जाहीर झाले.

उरलेली तूट आयातीने भरून काढली जाते. ब्रह्मदेशाने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांच्या निर्यातीस बंदी केल्याने तेथील सागाचे ओंडके येणे थांबले. कांडला बंदरात उतरणाऱ्या, विशेषतः न्यूझीलंडच्या, पाइन ओंडक्यांवर गांधीधाम येथे मोठा कापणी उद्योग उभा राहिला आहे.

महाराष्ट्र : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील, विशेषतः अल्लापल्लीचा, साग सरळ खोड व आकर्षक रेषा यांसाठी प्रसिद्ध आहे. बल्लारशाह व परतवाडा येथील आगारे ही त्याच्या विक्रीची प्रमुख ठिकाणे आहेत. अयोध्येच्या राममंदिरासाठी या भागातील साग २०२३ मध्ये पाठविण्यात आला. ठेकेदारांकडून आदिवासी मजुरांची होणारी पिळवणूक थांबावी म्हणून बाळासाहेब खेर यांच्या कारकीर्दीत १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या व त्यांच्याकडे कूप तोडीचे काम सोपविले गेले. झाडे तोडण्याचे नियमन १९६४ च्या अधिनियमाने होते. आदिवासी खातेदारांची मालकीची झाडे कवडीमोलाने विकत घेतली जात, त्यास आळा घालण्यासाठी १९६९ मध्ये स्वतंत्र अधिनियम करून ही विक्री शासनामार्फत करण्याची तरतूद झाली. राज्याचे वनविकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय नागपूर येथे आहे. सागाची लागवड व तोड हे त्याचे मुख्य कार्य आहे.

आरोग्य व पर्यावरण : परिरक्षके ही स्वभावतः विषे असल्याने त्यांचा वापर जबाबदारीने करावा लागतो. आर्सेनिकयुक्त लाकडाविषयी शंका वाढल्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००३ अखेर निवासी वापरासाठी त्यावर प्रक्रिया करणे बंद झाले व यूरोपीय संघानेही २००४ मध्ये कडक निर्बंध घातले. तेथे तांबे व कार्बनी द्रव्ये यांची मिश्रणे प्रचारात आली. आर्सेनिकाच्या जागी बोरॉन घातलेले तांबे-क्रोमियम-बोरॉन मिश्रण भारतीय मानकांत समाविष्ट आहे. मात्र बोरॉन लाकडात पक्का बसत नसल्याने खाऱ्या पाण्यात वा सततच्या ओलीत ते कमी उपयोगी पडते. भारतात एक धोका विशेष आहे. मोडीत निघालेले लाकूड येथे शेवटी चुलीत जाते. आर्सेनिकयुक्त लाकूड जाळल्यास धूर व राख विषारी होतात. म्हणून असे लाकूड ओळखता येईल अशी खूण करणे व ते जळण म्हणून न विकणे अगत्याचे आहे.

भवितव्य : देशात वापरल्या जाणाऱ्या लाकडापैकी फार थोड्यावरच योग्य परिरक्षण केले जाते. सागाविषयीचा परंपरागत आग्रह, लहान गिरण्यांजवळ दाबयंत्रणेचा अभाव, वरवर रंग फासून प्रक्रिया केल्याचे भासविणारे विक्रेते आणि प्रारंभीचा वाढीव खर्च ही त्याची कारणे होत. या उपेक्षेची झळ सर्वांत अधिक लागते ती सागाऐवजी आंबा, सावर वा निलगिरी वापरणाऱ्या गरीब कुटुंबांना. चार वर्षे टिकणारा खांब योग्य प्रक्रियेने वीस वर्षे टिकला, तर त्या काळात पाच झाडांऐवजी एकच झाड तोडावे लागते व छप्पर चार वेळा उतरविण्याची मजुरीही वाचते. २०२३ च्या अहवालानुसार भारताच्या भूक्षेत्रापैकी २१·७६% क्षेत्रावर वनाच्छादन आहे. १९५२ च्या धोरणातील एकतृतीयांशाचे उद्दिष्ट अद्याप दूर आहे. अशा स्थितीत जलद वाढणारी झाडे शेतात लावणे व त्यांचे नाशवंत लाकूड परिरक्षणाने टिकाऊ करणे, हे दोन्ही उपाय एकमेकांस पूरक ठरतात. पहिल्याने लाकडाचा पुरवठा वाढतो व दुसऱ्याने त्याची गरज कमी होते.